२०० ची लेन्स जवळ गेल्यावर २०० ची का राहत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांच्या इअरफोनचा एक कान गेलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आकडे हवेत विरून जातात, म्हणून इथे ते जरा नीट मांडलेत.

विषय एका व्हॉइस नोटमधून आला. सिडकोत राहणारा एक श्रोता लग्नांचे फोटो काढतो. त्याचं म्हणणं असं: "दादा, निकॉनची ७०-२०० सेकंडहँड घेतली, एफ २.८, व्हीआर टू. हप्ते चालू आहेत. मित्राकडे कॅननची ७०-२०० आहे, टू वाली. दोघांनी २०० वर ठेवून, जेवढं जवळ जाता येईल तेवढं जाऊन नवरीच्या नथीचा फोटो काढला. त्याच्या फ्रेममध्ये नथ भरून आली, माझ्या फ्रेममध्ये नवरीचा खांदापण आला. लेन्स डुप्लिकेट तर नाही ना? विकून टाकू का?"

विकू नको. या एका लक्षणावरून तरी लेन्समध्ये काही खोट नाही. तिची तब्येतच तशी आहे. आणि ती तशी का आहे हे कळलं की पुढची लेन्स घेताना दुकानात उभं राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुम्ही स्वतः हिशोब करू शकता.

दहावीचं विज्ञान आठवा. 'भिंगे व त्यांचे उपयोग' नावाचा धडा होता. समांतर येणारे किरण भिंगातून गेल्यावर ज्या बिंदूत एकत्र येतात ती नाभी, आणि भिंगापासून नाभीपर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. तेच फोकल लेंग्थ. आपण ही व्याख्या दोन मार्कांसाठी पाठ केली आणि विसरलो, पण यातल्या 'समांतर' या शब्दावर जरा बोट ठेवा. किरण समांतर कधी येतात? वस्तू खूप लांब असते तेव्हा. पुस्तकात त्याला अनंत अंतर म्हणतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने रस्त्यावरून दिसणारा देवगिरीचा किल्ला म्हणजे अनंतच. लेन्सवर छापलेला आकडा हा या लांबच्या वस्तूंसाठी मोजलेला असतो. नवरीची नथ अनंतात नसते, दीड मीटरवर असते. तिथे काय होतं ते लेन्सवर कुणी छापत नाही.

घरी पेपर वाचायचं भिंग असेल तर हे दोन मिनिटांत दिसतं. दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि पुढेमागे करा. एका जागी समोरच्या बिल्डिंगचं उलटं, छोटंसं चित्र भिंतीवर स्पष्ट उमटेल. समजा तेव्हा भिंग भिंतीपासून १० सेंटीमीटरवर आहे. ही त्याची फोकल लेंग्थ. आता खोलीत अंधार करून भिंगापुढे ३० सेंटीमीटरवर मेणबत्ती लावा. चित्र भुरकट. स्पष्ट करायला भिंग भिंतीपासून लांब न्यावं लागतं, १० वरून १५ सेंटीमीटरवर. मेणबत्ती २० सेंटीमीटरवर आणली तर भिंगही भिंतीपासून २० वर जातं, आणि भिंतीवरची ज्योत खऱ्या ज्योतीएवढी दिसते.

भिंग तेच आहे. त्याची फोकल लेंग्थ १० होती आणि १० च आहे. पण भिंग आणि भिंत यांच्यातलं अंतर दुप्पट झालं, आणि फोटोत किती भाग मावणार हे त्या अंतरावर ठरतं.

हे पटत नसेल तर बीबी का मकबऱ्यातली जाळी आठवा. जाळीच्या एका भोकाला डोळा लावला तर पलीकडची सगळी बाग दिसते. दोन पावलं मागे या, त्याच भोकातून आता बागेचा एक तुकडाच दिसतो. भोक तेवढंच आहे, डोळा मागे आला. कॅमेऱ्यात भोकाच्या जागी सेन्सर आणि डोळ्याच्या जागी लेन्स समजा. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की कोन अरुंद होतो, फ्रेममध्ये कमी मावतं, म्हणजे थोडं झूम केल्यासारखं दिसतं. हा जुना, सरळ प्रकार: अख्खी लेन्स पुढे सरकते, आणि जवळच्या वस्तूवर ती आकड्यापेक्षा जास्त लांबीची असल्यासारखी वागते.

प्रकाशाचंही तसंच. मेणबत्तीच्या दुसऱ्या प्रयोगात अंतर दुप्पट झालं, म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरला. फोटोवाल्यांच्या भाषेत दोन स्टॉप गेले. मॅक्रो करणाऱ्यांना हे माहीत असतं. निकॉनच्या मॅक्रो लेन्स तर जवळ गेल्यावर स्क्रीनवरचा एफ नंबरच बदलून दाखवतात: २.८ ची लेन्स अगदी जवळ गेली की ४.८ वगैरे दिसतं, आणि लोक बिघडली म्हणून घाबरतात. बिघडलेली नसते, खरं बोलत असते.

या सरळ प्रकाराचं आपल्याकडचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ११० वर्षांहून जुनं आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे लावणारं कुणी नव्हतं. सिनेमा म्हणजे काय हे दाखवल्याशिवाय कोण खिशात हात घालणार? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला, आणि तो उगवून वाढेपर्यंत महिन्याहून जास्त काळ ठरावीक वेळाने फ्रेम घेत राहिले. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फिल्म. ती पाहून त्यांना पैसे मिळाले, आणि ३ मे १९१३ ला कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आपण ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतो. मला त्यात भिंगाची गोष्टपण दिसते. समजा ५० मिलिमीटरची लेन्स आहे आणि रोप अर्ध्या मीटरवर. तेव्हा लेन्स फिल्मपासून साधारण ५५.६ मिलिमीटरवर असते. रोप वाढताना कॅमेऱ्याकडे झुकलं, पानं ५ सेंटीमीटर जवळ आली आणि तुम्ही भाबडेपणाने फोकस त्यांच्यावर आणला, तर लेन्स ५६.२५ वर जाते. फरक सव्वा टक्क्याचा. म्हणजे सगळं चित्र सव्वा टक्का फुगतं, आणि रोपाबरोबर कुंडीपण 'वाढते'! दुसऱ्या दिवशी फोकस मागे घेतला की कुंडी आक्रसते. महिनाभराच्या फ्रेम पाठोपाठ पळवल्या तर पडद्यावर कुंडी धापा टाकताना दिसेल, आणि पैसेवाल्याचं लक्ष अंकुराऐवजी कुंडीकडे जाईल. ज्याला हा प्रयोग आज मोबाइलवर मुगाचे किंवा मटकीचे मोड घेऊन करायचाय, त्याने स्टँड पक्का बांधल्यावर आधी स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करावा. ऑटोफोकस चालू ठेवलात तर वाटी श्वास घेईल.

'श्वास' हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. सिनेमावाले याला फोकस ब्रीदिंगच म्हणतात. पुढच्या नटावरून मागच्या नटीवर फोकस नेताना चौकट फुगली-आक्रसली की प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. सिनेमाच्या लेन्स इतक्या महाग असतात त्यातलं एक कारण हा श्वास दाबून ठेवण्यावर केलेली मेहनत हे आहे.

आता आपल्या श्रोत्याची अडचण याच्या उलटी आहे. त्याची लेन्स जवळ गेल्यावर लांब व्हायला हवी होती, झाली तोकडी. फ्रेममध्ये कमी मावायला हवं होतं, आला खांदा. हे कसं?

याचं उत्तर तुमच्या स्वतःच्या डोळ्यात आहे. डोळ्यातलं भिंग पुढेमागे सरकत नाही. ते आणि पडदा यांच्यातलं अंतर ठरलेलं. मग जवळचं वाचताना डोळा काय करतो? स्नायू आवळून भिंग फुगवतो, म्हणजे त्याची फोकल लेंग्थच कमी करतो. दहावीत याला समायोजन शक्ती म्हणायचे. चाळिशी लागते तेव्हा हीच शक्ती संपत आलेली असते, म्हणून चष्मा लावून ती उसनी आणावी लागते. म्हणजे जवळचं स्पष्ट पाहायचे दोन रस्ते झाले. भिंग लांब न्या, नाहीतर भिंगाची फोकल लेंग्थ कमी करा.

७०-२०० सारख्या झूममध्ये पहिला रस्ता फार जड पडतो. जुन्या पद्धतीने खऱ्या २०० मिलिमीटरच्या लेन्सला १.४ मीटरवर फोकस करायचा तर अख्खी काच चार सेंटीमीटरहून जास्त पुढे ढकलावी लागते. एवढं वजन मोटरने हलवायचं, तेही हळदीच्या धावपळीत, झटक्यात? म्हणून कंपन्या आतल्या आत काचांचा एखादा हलका गट सरकवतात. बाहेरून लेन्स इंचभरही वाढत नाही, फोकस पटकन लागतो, धूळ कमी शिरते. फक्त काचांमधली अंतरं बदलली की सगळ्या लेन्सची मिळून होणारी फोकल लेंग्थही बदलते, आणि बहुतेक वेळा कमी होते. डोळ्यासारखंच. याला इंटर्नल फोकसिंग म्हणतात, आणि सेल्समन हे फीचर म्हणून सांगतो. आहेच ते फीचर. त्याची किंमत काय, ते तो सांगत नाही, इतकंच.

ती किंमत काढायची कशी? कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतातच: सगळ्यात जवळचं फोकस अंतर, आणि तिथे मिळणारं जास्तीत जास्त विशालन, म्हणजे सेन्सरवरची वस्तू खऱ्या वस्तूच्या किती पट. भिंगाच्या सूत्राची उलटापालट केली की हे मिळतं:

फोकल लेंग्थ = (अंतर × विशालन) ÷ (१ + विशालन) चा वर्ग

श्रोत्याची निकॉन: १४०० मिलिमीटर, विशालन ०.१२. गुणाकार १६८. १.१२ चा वर्ग १.२५४४. भागाकार १३४.

मित्राची कॅनन: १२०० मिलिमीटर, ०.२१. गुणाकार २५२, १.२१ चा वर्ग १.४६४१, उत्तर १७२.

दोन्ही लेन्सवर २०० छापलंय. सगळ्यात जवळ एक १३४ ची आहे, दुसरी १७२ ची. (हे सूत्र पातळ भिंगाचं आहे, खऱ्या लेन्समध्ये काचांची रांग असते, त्यामुळे उत्तर थोडं इकडेतिकडे होणार. पण २०० आणि १३४ यांच्यातली दरी त्याने बुजत नाही.) फ्रेमच्या भाषेत सांगायचं तर फुल फ्रेम सेन्सरची लांब बाजू ३६ मिलिमीटर. ३६ भागिले ०.१२ म्हणजे ३०० मिलिमीटर, ३६ भागिले ०.२१ म्हणजे १७१. एकाच्या फोटोत वरून खाली ३० सेंटीमीटर मावतात, दुसऱ्याच्या फोटोत १७. खांदा आला तो या १३ सेंटीमीटरमधून आला.

यात मित्राचा थोडा फायदा तो २० सेंटीमीटर पुढे उभा राहू शकतो याचाही आहे. पण तेवढ्याने भागत नाही. खरी २०० ची लेन्स १.४ मीटरवरूनही १७ सेंटीमीटरच्या आसपासच फ्रेम देईल.

हा व्हीआर टू २००९ सालचा. तेव्हाही फोटोवाल्यांनी यावरून बरंच डोकं खाल्लं होतं. निकॉनने २०१६ साली नवी ७०-२०० आणली, तिचं जवळचं अंतर १.१ मीटर आणि विशालन ०.२१. सूत्रात घालून बघा, साधारण १५८ येतं. म्हणजे जवळ गेल्यावर अजूनही २०० नाहीच, पण नथ भरून येते.

मग लेन्स वाईट का? मला नाही वाटत. जसजसं मागे जाल तसतसा फरक कमी होतो, मंडपाच्या टोकावरून स्टेज टिपताना २०० म्हणजे २०० च. लग्नात नव्वद टक्के काम तिथूनच होतं, असं मला लग्नं शूट करणारेच सांगतात. आणि चेहऱ्याची ठेवण, नाक मोठं दिसणं वगैरे, फोकल लेंग्थवर अवलंबून नसतं, तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर असतं, ते १.४ मीटरवरून दोन्ही लेन्समध्ये सारखंच दिसेल. दागिन्यांसाठी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ती म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी, बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसते आणि अख्खी लेन्स पुढे ढकलते. जुना रस्ता, वरून जोडलेला. ती लावलेली असताना लांबचा फोकस लागत नाही आणि थोडा प्रकाश जातो, पण नथीला ते चालतं.

मॅक्रो लेन्सवाल्यांनी स्वतःला शहाणं समजू नये, बरं का. कॅननची १०० मिलिमीटर एल मॅक्रो घ्या. अंतर ३०० मिलिमीटर, विशालन १. सूत्र म्हणतं, ३०० भागिले ४, म्हणजे ७५. शंभरची लेन्स किड्यापाशी पंचाहत्तरची होते. खरी १०० असती तर किडा सेन्सरपासून ४०० मिलिमीटरवर राहिला असता. आता ३०० मधून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की किड्याला उरतात जेमतेम १३-१४ सेंटीमीटर. फुलपाखरू उडून जातं त्याचं खापर आपण उगाच फुलपाखरावर फोडतो.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे येऊ. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ ५ ते ७ मिलिमीटर असते. जाहिरातीत २४ किंवा २६ म्हणतात ते फुल फ्रेमशी तुलना करून. फोकस करताना एक छोटी मोटर लेन्सचा गट सरकवते, म्हणजे इथे पुन्हा फाळक्यांचाच रस्ता. ६ मिलिमीटरची लेन्स १० सेंटीमीटरवर फोकस करायला ०.३८ मिलिमीटर पुढे जाते. ऐकायला काहीच नाही, पण ६ चे ६.३८ झाले म्हणजे सहा टक्के! व्हिडिओत कुणी हिमरू शाल कॅमेऱ्यापुढे धरते, फोकस शालीवर येतो, आणि मागची भिंत जरा फुगल्यासारखी वाटते, ती हीच. सोनीने २०२१ च्या अल्फा ७ फोरमध्ये यावर सॉफ्टवेअरचा उपाय दिला: लेन्सचा श्वास आधीच माहीत असतो, त्याप्रमाणे फ्रेम थोडी कापत जायची, म्हणजे चौकट स्थिर दिसते.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. खूप जवळ गेल्यावर फोनचं चित्र अचानक टुणकन उडी मारतं, ती ब्रीदिंग नव्हे. तिथे फोनने कॅमेराच बदललेला असतो. आयफोन १३ प्रो पासून ॲपलने अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला २ सेंटीमीटरपर्यंत फोकस दिला, मुख्य कॅमेरा हात टेकतो तिथे तो काम हाती घेतो. मॅक्रोचं बटण बंद केलं की उडी थांबते. खरा श्वास बघायचा तर प्रो मोडमध्ये मॅन्युअल फोकस घ्या, फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवा, समोर फरशांची रांग ठेवा आणि स्लायडर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. फरशा धूसर होतील, पण कडेला किती फरशा मावतात ते मोजता येतं.

कुणी म्हणेल, सहा टक्क्यांनी काय बिघडतं. फोटोत काही नाही. मोजमापात सगळंच बिघडतं, आणि मी या विषयात पडलो तो त्यामुळेच. माझं काम वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी कॅमेऱ्याने पार्ट मोजणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. कॅमेरा वरून फोटो काढतो, सॉफ्टवेअर भोकाचा व्यास पिक्सेलमध्ये मोजतं, एका पिक्सेलचे इतके मायक्रॉन या हिशोबाने मिलिमीटर सांगतं. तो हिशोब कॅलिब्रेशन प्लेट ठेवून एकदाच बसवलेला असतो, आणि तो बसवताना लेन्स सेन्सरपासून जितकी लांब होती तितकी कायम राहणार, हे त्यात धरलेलं असतं.

एका कारखान्यात सोमवारी सकाळी चांगले पार्ट धडाधड रिजेक्ट व्हायला लागले. पार्ट गेजने मोजले तर बरोबर. लेन्स २५ मिलिमीटरची, पार्ट २५० मिलिमीटरवर. रात्रपाळीत कुणाला तरी चित्र जरा मऊ वाटलं आणि त्याने फोकस रिंग हलकीशी फिरवली. हेतू चांगलाच होता. फोकस २५० वरून २४० वर आला असेल, तर लेन्स २७.७८ वरून २७.९१ मिलिमीटरवर जाते. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण ४० मिलिमीटरचं भोक त्यामुळे ४०.१९ वाचलं जातं, आणि तिथे सवलत होती ती शंभरातल्या पाच मिलिमीटरची. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने लॉटच्या लॉट बाद. चित्र डोळ्याला जवळपास तसंच दिसत होतं, म्हणून आधी सगळ्यांनी कोडवरच संशय घेतला.

एआर ॲपवाले हे प्रत्येक फ्रेमसोबत नवीन फोकल लेंग्थ घेऊन सोडवतात, फोनच ती पुरवतो. कारखान्यात दोन उपाय आहेत. एक म्हणजे टेलिसेंट्रिक लेन्स, जिच्यात पार्ट थोडा वरखाली झाला तरी माप बदलत नाही. ती महाग आणि आकाराने बोजड, आणि तिच्या काचेपेक्षा मोठा पार्ट तिच्यात मावत नाही. दुसरा उपाय लेन्सवर आधीपासूनच असतो: इंडस्ट्रियल लेन्सच्या फोकस रिंगला एक छोटा स्क्रू असतो, तो आवळला की रिंग फिरत नाही. त्या कारखान्यात आता तो आवळून, स्क्रूपासून रिंगपर्यंत नटबोल्टवर मारतात तशी पिवळ्या पेंटची रेघ ओढलीये. रेघ तुटलेली दिसली की शिफ्टच्या सुरुवातीला आधी कॅलिब्रेशन प्लेट ठेवायची, मग पहिला पार्ट.